हातचा गेला कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या पंधरवड्यात संगणकातील वर्डच्या रुंदीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. (वर्ड म्हणजे प्रोसेसर एका वेळी एक संख्या म्हणून हाताळतो तेवढ्या बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा अंकांचा, गट.) विषय रुक्ष असूनही लेखकाने तो सोप्या भाषेत मांडला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. तथापि त्यातील दोन विधाने खटकली. पहिले असे की ६४ बिटांपेक्षा रुंद वर्डची सॉफ्टवेअरला गरजच पडत नाही, कारण तेवढ्या मोठ्या संख्या व्यवहारात येतच नाहीत. दुसरे असे की आजचे चांगले प्रोसेसर ५१२ बिटांचे झालेले असल्यामुळे हा प्रश्न आपोआप निकालात निघाला आहे. ही विधाने एकमेकांना छेद देतात ही गोष्ट सोडून दिली, तरी त्यांतले एकही स्वतंत्रपणे टिकत नाही. संगणकाच्या तळाशी चालणाऱ्या अंकगणिताचे प्रोग्रॅम लिहिण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री लावायची झाली तर कुठेही लावावी, फक्त हातच्याविषयीचा मजकूर तेवढा राहू द्यावा.

वर्डची रुंदी का वाढत गेली, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे मेमरीतले पत्ते, म्हणजे तिथल्या प्रत्येक बाइटच्या जागेचा क्रमांक. १९८५ साली आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरचा वर्ड ३२ बिटांचा होता आणि त्यात ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावत, म्हणजे बरोबर ४ गिगाबाइट मेमरी. ती अपुरी पडू लागल्यावर, २००३ साली आलेल्या ऑप्टेरॉनपासून त्याच घराण्यातले प्रोसेसर ६४ बिटांचे झाले. आता ६४ बिटांत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पत्ते मावतात, आणि ते इतके जास्त आहेत की या घराण्यातले प्रोसेसर प्रत्यक्षात त्यांतले ४८ बिटच वापरत आले. अलीकडच्या काही प्रोसेसरांनी ही संख्या ५७ पर्यंत नेली आहे. तेव्हा नुसत्या पत्त्यांसाठी १२८ बिट लागत नाहीत, हे लेखकाचे म्हणणे मान्य. परंतु पत्ता लिहिणे हा वर्डचा एक उपयोग झाला, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी रंजक उपयोग आहे.

पत्त्यांचा विषय सोडण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. आयबीएमच्या १९७८ सालच्या सिस्टीम/३८ या संगणकात आणि त्याच्यामागून आलेल्या एएस/४०० मध्ये प्रोग्रॅमला दिसणारा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, तेव्हापासूनच १२८ बिटांचा आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय इंटरनॅशनल यांनी मिळून उभ्या केलेल्या चेरी या रचनेतही पॉइंटर १२८ बिटांचा असतो. त्यातला अर्धा भाग पत्त्याचा आणि उरलेला अर्धा त्या पत्त्यापासून कुठवर जाण्याची मुभा आहे आणि तिथे काय करण्याची परवानगी आहे, हे सांगणारा. रुंद पॉइंटर हवा असतो तो असा, अधिक मेमरीसाठी नव्हे तर मेमरीला कुंपण घालण्यासाठी. प्रोसेसरांचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने २०२२ साली मोरेलो नावाचे प्रायोगिक बोर्ड काढून ही कल्पना प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये उतरवली.

आता संख्यांकडे वळतो. "तेवढ्या मोठ्या संख्या व्यवहारात येत नाहीत" हे वाक्य मी स्वतः एके काळी सहकाऱ्यांना ऐकवले आहे, आणि ते कसे अंगाशी आले ते सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही. आम्ही एका यंत्राच्या नियंत्रण-प्रणालीसाठी वेळ मोजणारा भाग लिहीत होतो. यंत्रातला गणक सेकंदाला १ कोटी ठोके देई, आणि आम्हाला हवे होते नॅनोसेकंद. ठोक्यांचा वेग यंत्रागणिक वेगळा असल्याने सूत्र सर्वसाधारण ठेवले होते: ठोक्यांना १ अब्जाने गुणायचे आणि वेगाने भागायचे. चाचणी दहा मिनिटांची होती, ती निर्विघ्न पार पडली. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मात्र नोंदीतली वेळ यंत्र सुरू झाल्यापासून ३० मिनिटे ४४ सेकंद झाली की पुन्हा शून्यावर येई, आणि पुढच्या ३० मिनिटे ४४ सेकंदांनी पुन्हा शून्यावर. पहिले दोन दिवस आम्ही गणकाला ठोके देणाऱ्या स्फटिकालाच दोष देत बसलो.

हिशेब करून पाहिला तेव्हा चूक उघडी पडली. वर्षभराचे सगळे ठोके ४९ बिटांत मावतात. वर्षभराचे नॅनोसेकंद ५५ बिटांत मावतात. म्हणजे आत जाणारी संख्याही ६४ बिटांच्या आतली आणि बाहेर येणारे उत्तरही ६४ बिटांच्या आतले. पण भागाकाराच्या आधी होणारा मधला गुणाकार ७९ बिटांचा होतो, आणि त्याला उभे राहायला जागा मिळत नाही. ६४ बिटांचा पेला १,८४४ सेकंदांनी भरतो, वरचे सांडून जाते, आणि भागाकार बिचारा उरलेल्यावर इमानेइतबारे चालतो. दुरुस्ती एका ओळीची होती: मधला गुणाकार १२८ बिटांत ठेवणे. रुंद वर्डची गरज नेहमी अशा मधल्या पायरीत दडलेली असते, म्हणून ती कुणाच्या नजरेला पडत नाही. लेखकाने व्यवहारातल्या संख्या पाहिल्या. त्या संख्या तयार होताना मध्ये काय काय घडते ते पाहिले नाही.

नकाशे आणि रेखाचित्रे हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हीच गत असते. एखादा बिंदू रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, एवढाच प्रश्न असतो आणि उत्तरही फक्त अधिक किंवा उणे असे असते. पण बिंदूंचे निर्देशांक ३२ बिटांचे असले तर त्यांची वजाबाकी ३३ बिटांची, त्या वजाबाक्यांचे गुणाकार त्याच्या दुप्पट, आणि ६४ बिट तिथेच संपतात. चौथा बिंदू तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत आहे का, असे विचारले की १२८ बिटही पुरत नाहीत.

इथे हातच्याविषयी लिहिणे भाग आहे. आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक, हे आपण सगळे शाळेत म्हणत आलो. प्रोसेसरही तेच करतो. फरक एवढाच की त्याचे एकेक घर दहाचे नसून ६४ बिटांचे असते. ५१२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करायची तर पहिल्या घराची साधी बेरीज आणि पुढच्या सात घरांच्या हातच्यासह बेरजा, अशा आठ आज्ञा पुरतात. हा हातचा ठेवण्यासाठी बहुतेक प्रोसेसरांत एक बिट राखून ठेवलेला असतो आणि तो घेऊन बेरीज करणारी खास आज्ञा असते. १९७५ साली आलेल्या ६५०२ या आठ बिटांच्या चिमुकल्या प्रोसेसरमध्ये तर हातच्याशिवाय बेरीज करण्याची आज्ञाच नव्हती. हातचा नको असेल तर तो आधी स्वतः पुसून टाकावा लागे. आठ बिटांवर जगणाऱ्यांना मोठी संख्या जोडून बनवावी लागते हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी हातचा जपला. गुणाकाराचेही तसेच. १९७८ सालच्या ८०८६ पासून या घराण्यातला प्रोसेसर दोन वर्डच्या गुणाकाराचे उत्तर दोन वर्डमध्ये, म्हणजे पूर्ण दुप्पट रुंदीत देत आलेला आहे. आजचा प्रोसेसर ६४ गुणिले ६४ केले की १२८ बिटांचे पूर्ण उत्तर एकाच आज्ञेत हातात ठेवतो. तेव्हा १२८ बिटांचा गुणाकार अजून यायचा आहे असे म्हणता येत नाही; तो आलेला आहे, आणि आपण त्याचा वरचा अर्धा फेकून देत आहोत.

फेकणारी आहे ती आपली प्रोग्रॅमिंगची भाषा. सी भाषेत दोन ६४ बिटी संख्यांचा गुणाकार लिहिला की उत्तरही ६४ बिटांचे, वरचे गेले. बेरजेतला हातचा मिळवायला तर २०२३ च्या मानकापर्यंत भाषेत शब्दच नव्हता. बेरीज एखाद्या घटकापेक्षा लहान निघाली का, हे पाहून हातचा आला होता असे ताडायचे, आणि कंपायलरला, म्हणजे आपले लिखाण प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, आपला हेतू कळेल अशी आशा करायची. काही कंपायलर १२८ बिटांचा पूर्णांक आपल्या पदरचा म्हणून देतात, पण त्या रुंदीचा स्थिरांक सरळ लिहिता येत नाही आणि छापायचा म्हटले तर नेहमीच्या छपाईच्या फंक्शनला तो ओळखता येत नाही. रस्टने २०१८ साली आणि सी शार्पने २०२२ साली १२८ बिटांचे पूर्णांक दिले, सी भाषेच्या २०२३ च्या मानकात हव्या तितक्या बिटांचा पूर्णांक मागण्याची सोय झाली, जावाने नवव्या आवृत्तीत गुणाकाराचा वरचा अर्धा मिळवण्याचे एक फंक्शन दिले. म्हणजे प्रोसेसर चाळीस वर्षे जे फुकट देत होता, ते मागण्याची सोय भाषांनी आत्ता कुठे करायला घेतली. पायथनची गोष्ट वेगळी. तिथे पूर्णांकाला कमाल मर्यादाच नाही, आत ३० बिटांची घरे करून तो हवा तेवढा वाढतो आणि हातच्याची चिंता वापरणाऱ्याला कधी करावी लागत नाही. सोय उत्तम, मात्र तिची किंमत वेगाने चुकती करावी लागते.

गंमत म्हणजे कंपायलर स्वतः मात्र हा वरचा अर्धा मजेत वापरतो. ६४ बिटांच्या संख्येला १० ने भागा असे लिहिले, तर तो बहुधा भागाकार करतच नाही. एका ठरावीक मोठ्या संख्येने गुणतो, १२८ बिटांच्या गुणाकारातला वरचा अर्धा घेतो आणि तो तीन बिटांनी सरकवतो. संख्या दशमान पद्धतीत छापताना हे सतत घडत असते. ज्या रुंदीची गरज नाही असे लेख म्हणतो, ती लेखातले आकडे पडद्यावर उमटवतानाही वापरली गेली असण्याची दाट शक्यता आहे.

आता ते ५१२ बिटांचे प्रोसेसर. लेखकाचा इथे जो घोटाळा झाला आहे, तो त्यांचा एकट्याचा नाही. जाहिरातींनी तो पंचवीस वर्षे जोपासला आहे. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ या व्हिडिओ गेमच्या संचाला १२८ बिटांचे यंत्र म्हटले जाई. त्याची रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या आत संख्या ठेवण्याचे कप्पे, खरोखर १२८ बिटांची होती, पण त्यांत १२८ बिटांची एक बेरीज होत नसे. इंटेलच्या प्रोसेसरांत १९९९ साली १२८ बिटांची, २०११ साली २५६ बिटांची आणि २०१६ पासून ५१२ बिटांची रजिस्टरे आली, तीही याच जातीची. या रजिस्टरकडे रुंद रस्ता म्हणून पाहावे: ५१२ बिटांच्या रुंदीत ६४ बिटांच्या आठ मार्गिका शेजारी शेजारी धावतात, एकाच आज्ञेवर आठही बेरजा होतात, पण एका मार्गिकेचा हातचा दुसरीत जात नाही. तो दुभाजकाशीच थांबतो आणि नाहीसा होतो. आठ वेगवेगळ्या बेरजा एकदम हव्या असतील, तर यापेक्षा चांगली सोय नाही. चित्रे, ध्वनी, हवामानाची गणिते, यांना तेवढेच हवे असते. पण एकच लांबलचक बेरीज हवी असेल, तर हा रस्ता जसाच्या तसा कामाचा नाही.

काही कामे हातच्याशिवाय भागतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९७ साली एली बिहाम यांनी डीईएस या सांकेतिक पद्धतीचे गणित ६४ बिटांच्या अल्फा प्रोसेसरवर वेगळ्याच रीतीने मांडले. त्यांनी वर्डकडे संख्या म्हणून न पाहता ६४ स्वतंत्र तारा म्हणून पाहिले, आणि ६४ संदेशांवर एकाच वेळी तर्कक्रिया (आणि, किंवा, नाही अशा एकेका बिटावरच्या क्रिया) चालवल्या. तिथे बेरीज नाही, म्हणून हातचा नाही, म्हणून रजिस्टर जितके रुंद तितका लाभ सरळ वाढतो. बुद्धिबळाचा पट हेही तसेच उदाहरण. पटावर ६४ घरे, वर्डमध्ये ६४ बिट. सगळी प्यादी एका वर्डमध्ये, सगळे घोडे दुसऱ्यात, आणि सगळी प्यादी एक घर पुढे सरकवणे म्हणजे वर्ड आठ बिटांनी सरकवणे. हा योग इतका जुळून आला आहे की जणू बुद्धिबळ रचणाऱ्याला ६४ बिटांची कल्पना होती. जपानी शोगीच्या पटावर मात्र ८१ घरे असतात, आणि तिथे प्रोग्रॅमरला १२८ बिटांकडे जावेच लागते. १२८ बिटांचे इंटरनेटचे नवे पत्ते किंवा नोंदींना दिले जाणारे १२८ बिटांचे ओळखक्रमांक यांविषयी फार लिहीत नाही; ते रुंद आहेत खरे, पण त्यांची कुणी बेरीज करत नाही, फक्त तुलना करतात, आणि तुलनेला दोन वर्ड पुरतात.

हातचा कुठे मोलाचा ठरतो याचे माझ्या आवडीचे उदाहरण म्हणजे मजकुरातला अंदाजे शोध. एखादा शब्द थोडासा चुकीचा लिहिलेला असला तरी तो मजकुरात सापडावा, यासाठी दोन शब्दांतले अंतर मोजण्याचा मोठा तक्ता भरावा लागतो. जीन मायर्स यांनी १९९९ साली त्या तक्त्याचा एक आख्खा स्तंभ एका वर्डमध्ये बसवला आणि मूठभर तर्कक्रिया व एक बेरीज एवढ्यात तो भरून दाखवला. त्या बेरजेत संख्या मिळवायच्या नसतातच. लागोपाठ आलेल्या १ च्या रांगेत एका टोकाला १ मिळवला की हातचा रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत घरंगळत जातो, आणि या घरंगळण्याचा उपयोग करून तक्त्यातली माहिती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका झटक्यात पोहोचवली जाते. शोधायचा शब्द ६४ अक्षरांपर्यंत असेल तर काम सरळ आहे. पण डीएनएच्या वाचनांत १५० अक्षरांचे तुकडे सर्रास येतात. त्यांना तीन वर्ड लागतात आणि हातचा एका वर्डमधून दुसऱ्यात हाताने न्यावा लागतो. २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये हे १५० बिट आरामात मावतील, पण तिथे हातचा दर ६४ बिटांना मार्गिकेच्या दुभाजकावर अडतो. रुंदी आहे, वर्ड नाही, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

यावर प्रोग्रॅमर मंडळींनी जो तोडगा काढला आहे, तो दाद देण्यासारखा आहे. ५१२ बिटांच्या रजिस्टरमध्ये आठ मार्गिकांच्या बेरजा एकदम करून घ्यायच्या. मग आठ बिटांच्या दोन चिठ्ठ्या तयार करायच्या: पहिलीवर कोणत्या मार्गिकांतून हातचा बाहेर पडला ते, आणि दुसरीवर कोणत्या मार्गिकेत सगळे बिट १ आहेत ते, कारण अशी मार्गिका आपल्याकडे आलेला हातचा पुढे ढकलणार. पहिली चिठ्ठी एक स्थान डावीकडे सरकवून दुसरीत मिळवायची, आणि आलेले उत्तर दुसऱ्या चिठ्ठीशी ताडून जिथे फरक पडला त्या मार्गिकांत १ मिळवायचा. झाली ५१२ बिटांची बेरीज. आठ मार्गिकांतला हातच्याचा सगळा प्रवास आठ बिटांच्या एका इवल्याशा बेरजेत उरकला जातो, आणि ही बेरीजही मायर्स यांच्यासारखीच १ च्या रांगेतून हातचा घरंगळवते. हे वाचून कुणाला आनंद झाला तर तो योग्यच आहे. मला मात्र जोडीला थोडा रागही येतो, की एवढी कसरत प्रोसेसर बनवणाऱ्यांनी एका आज्ञेने वाचवली असती.

रुंद संख्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अर्थातच सांकेतिक लेखन (क्रिप्टोग्राफी). १९७७ सालच्या आरएसए पद्धतीत आज २,०४८ बिटांच्या संख्या सर्रास वापरतात. म्हणजे ६४ बिटांची ३२ घरे, आणि शाळेतल्या पद्धतीने अशा दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे १,०२४ लहान गुणाकार. तिच्यापेक्षा नव्या पद्धतींत संख्या २५६ बिटांच्या आसपास आल्या, तरी हातच्याचा जाच गेला नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या कर्व्ह२५५१९ मध्ये २ च्या २५५ व्या घातातून १९ वजा करून मिळणारी मूळ संख्या पाया म्हणून घेतली आहे. ही गणिते करणारे अनेक प्रोग्रॅम तिच्यासाठी ६४ बिटांची चार घरे घेत नाहीत. ५१ बिटांची पाच घेतात. चार घरांत १६ गुणाकार झाले असते, पाचांत २५ होतात, आणि तरीही पाच घरे परवडतात, कारण प्रत्येक घरात १३ बिट रिकामे राहतात आणि हातचा लगेच पुढे न ढकलता तिथेच साठवून ठेवता येतो. सगळे गुणाकार उरकल्यावर शेवटी एकदाच हातच्यांची फेरी मारायची. नऊ गुणाकार जास्त पत्करून माणसे हातच्यापासून पळ काढतात, यावरून हातचा किती महागात पडतो हे कळावे.

मग वर्डच २५६ बिटांचा का करू नये, असा प्रश्न लेखकाच्या बाजूने कुणी विचारील. प्रोसेसरमधल्या गुणाकाराच्या विद्युत-मंडलाला लागणारी जागा रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट रुंदीला सुमारे चौपट जागा, चौपट रुंदीला सोळापट. आणि प्रोग्रॅममधल्या बहुतेक संख्या लहान असतात: मोजण्या, अनुक्रमांक, होय-नाही. त्यांच्यासाठी २५६ बिटांची घरे बांधणे म्हणजे उगाच मेमरी अडवणे. हा प्रयोग सॉफ्टवेअरमध्ये झालेलाही आहे. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनच्या, म्हणजे डिजिटल चलनाच्या सामायिक खातेवहीच्या, आभासी यंत्राचा वर्ड खरोखर २५६ बिटांचा आहे, कारण त्यात सतत लागणारे हॅश (मजकुरापासून काढलेले ठरावीक लांबीचे ठसे) आणि सांकेतिक संख्या २५६ बिटांच्या असतात. निवड समजण्यासारखी आहे, पण त्यामुळे लहानसा गणकही २५६ बिटांत चालतो आणि खालच्या प्रत्यक्ष यंत्राला प्रत्येक क्रिया ६४ बिटांच्या चार घरांत मोडून करावी लागते.

शिवाय एवढी रुंदी घेऊनही पेला सांडायचा तो सांडलाच. २०१८ च्या एप्रिलमध्ये या यंत्रावरच्या एका टोकनच्या, म्हणजे तिथल्या एका डिजिटल नाण्याच्या, व्यवहारात कुणीतरी पाठवायची रक्कम म्हणून २ चा २५५ वा घात दिला आणि घेणारे दोघे दाखवले. एकूण रक्कम काढण्यासाठी प्रोग्रॅमने दोनाने गुणले, उत्तर २ चा २५६ वा घात, जो २५६ बिटांत मावत नाही. खाली उरले शून्य. देणाऱ्याच्या खात्यात शून्य शिल्लक पुरेशी आहे, असे प्रोग्रॅमने तपासून पाहिले आणि घेणाऱ्या दोघांच्या खात्यांत प्रत्येकी ती अचाट रक्कम जमा केली. तिथल्या सॉलिडिटी या भाषेने २०२० च्या डिसेंबरमध्ये आपल्या ०.८ या आवृत्तीत, उत्तर मावले नाही तर व्यवहार थांबवायचा, असा नियमच केला. मोठ्या रुंदीने अपघात लांबतो. हातचा कुणी पाहत नसेल तर टळत नाही.

पैशांच्या हिशेबात मात्र रुंदी शांतपणे आपले काम करत असते, ते एक उदाहरण देऊन थांबतो. कित्येक डेटाबेसमध्ये दशमान संख्या जास्तीत जास्त ३८ अंकांची असू शकते. हा ३८ कुठून आला, असे मला एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. १२८ बिटांतला एक बिट चिन्हाला दिला की १२७ उरतात, त्यांत १७ वर ३७ शून्ये एवढी संख्या बसते, आणि म्हणून ३८ अंकांची कोणतीही संख्या निर्धास्त मावते. जिथे २५६ बिट वापरतात तिथे हीच मर्यादा ७६ अंकांची असते. म्हणजे या संख्यांना १२८ बिटांचा वर्ड मिळालेला आहे, फक्त तो दोन घरांत राहतो आणि मधल्या दारातून हातचा जा-ये करतो.

आपल्याकडे विनंती एवढीच की, पुरवणीच्या पुढील अंकात त्या लेखातील "५१२ बिटांचे प्रोसेसर" हे शब्द बदलून "५१२ बिटांची रजिस्टरे असलेले ६४ बिटांचे प्रोसेसर" अशी दुरुस्ती छापावी. पहिल्या विधानाची दुरुस्ती एका ओळीत होण्यासारखी नाही; त्यासाठी लेखकांनी स्वतःच मधल्या पायऱ्यांवर एक लेख लिहावा, आणि हवा असल्यास आमच्या त्या ३० मिनिटे ४४ सेकंदांचा हिशेब त्यात खुशाल वापरावा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रोग्रॅमर